लांब वाक्य ऐकताना मूल नेमके कुठे अडते? भाषादोष, कार्यस्मृती आणि वाक्याचे आकलन

तिसरीत शिकणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईने सविस्तर लिहून प्रश्न विचारला आहे. मुलाची श्रवणचाचणी निर्दोष आहे. आकृत्या आणि ठोकळ्यांच्या बौद्धिक चाचण्यांत तो वयाप्रमाणे आहे आणि ‘चप्पल घाल’, ‘पाणी आण’ अशी छोटी वाक्ये त्याला लगेच कळतात. परंतु ‘दप्तर आवरून झाल्यावर, खेळायला जाण्याआधी, टेबलावरचा चष्मा आजोबांना देऊन ये’ असे सांगितले की तो नुसता उभा राहतो किंवा थेट खेळायला निघतो. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि शिक्षकांच्या मते तो लक्ष देत नाही. तपासणीनंतर हाती आलेल्या अहवालात ‘विकासात्मक भाषादोष’ (ऐकू नीट येत असूनही भाषा शिकणे आणि समजणे मागे राहणे) आणि ‘वर्किंग मेमरी कमी’ (म्हणजे कार्यस्मृती कमी) असे दोन शेरे असून, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकीय खेळांचा तीन महिन्यांचा वर्ग सुचवलेला आहे. हा वर्ग लावावा का, आणि घरी मराठी बंद करून इंग्रजीच बोला हा शाळेचा सल्ला मानावा का, असे आईने विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. अहवालातला कार्यस्मृतीचा शेरा चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. तो बहुधा बरोबरच असेल. परंतु त्यावरून ‘आधी स्मृती वाढवू, मग भाषा आपोआप सुधारेल’ असा जो क्रम गृहीत धरला जातो, त्याला आजवरच्या संशोधनात आधार सापडत नाही, आणि अशा मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम करताना मलाही तो कधी दिसलेला नाही. भाषा आणि कार्यस्मृती या दोन गोष्टी चाचणीच्या कागदावर वेगळ्या रकान्यांत लिहिल्या जातात; वाक्य समजून घेताना मात्र त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, एकीला बाजूला काढून व्यायाम देणे शक्य होत नाही. हे का, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण ते कळले की घरी आणि शाळेत काय करायचे हेही बरेचसे स्पष्ट होते.

माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर काही काम करणे, या दुहेरी क्षमतेला वर्किंग मेमरी, म्हणजे कार्यस्मृती, म्हणतात. कागद न घेता २७ आणि ४८ यांची बेरीज करताना आपण ती वापरतो: दोन्ही संख्या धरायच्या, एककांची बेरीज करायची, हातचा एक लक्षात ठेवायचा आणि दशकांकडे वळायचे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रारूपात तिचे तीन भाग होते: ऐकलेले ध्वनी धरणारा एक, दृश्य माहिती धरणारा दुसरा, आणि लक्ष कुठे किती द्यायचे हे ठरवणारा मध्यवर्ती नियंत्रक. ध्वनी धरणाऱ्या भागाची मर्यादा फार लहान आहे. साधारण दोन सेकंदांत बोलून होईल एवढेच त्यात उजळणी करून टिकते. २००० साली बॅडली यांनी चौथा भाग जोडला. आत्ता ऐकलेले आणि दीर्घकालीन स्मृतीत आधीपासून असलेले ज्ञान यांची एकत्र बांधणी त्या भागात होते. आपल्या प्रश्नासाठी हा चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मुलाच्या आकलनाची खरी कहाणी तिथेच घडते.

ज्याला तमिळ येत नाही अशा मराठी माणसाला आठ-नऊ शब्दांचे तमिळ वाक्य ऐकवून जसेच्या तसे म्हणायला सांगितले, तर दोन-तीन शब्दांनंतर तो अडखळेल. तेवढ्याच लांबीचे मराठी वाक्य मात्र तो सहज म्हणून दाखवील. त्याची कार्यस्मृती दोन्ही वेळा तीच असते. मराठीत त्याला शब्द ओळखीचे असतात, प्रत्यय कशाशी जोडायचे हे ठाऊक असते, आणि ‘टेबलावरचा चष्मा’ हे दोन शब्द त्याच्या मनात एकच गोष्ट म्हणून बसतात. म्हणजे स्मृतीची दिसणारी क्षमता बऱ्याच अंशी भाषेच्या ज्ञानातून येते. भाषादोष असलेल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या मातृभाषेतही हा आधार अपुरा मिळतो. म्हणून त्याचा अंक लक्षात ठेवण्याचा किंवा शब्दयादीचा गुणांक कमी आला, तर त्यात किती वाटा स्मृतीचा आणि किती भाषेचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

संशोधनाचा प्रवासही याच वळणाने गेला आहे. १९९० मध्ये सुसान गॅदरकोल आणि बॅडली यांनी इंग्लंडमधील भाषादोष असलेल्या अवघ्या सहा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले साधारण आठ वर्षांची होती आणि त्यांची भाषा सहा वर्षांच्या मुलांसारखी होती; परंतु अर्थ नसलेले बनावट शब्द ऐकून म्हणण्यात ती चार वर्षांच्या मुलांच्या पातळीवर होती. मराठीत असे शब्द करायचे तर ‘पाटुमे’, ‘रेकोदिलू’, ‘मुगेटालिसो’ असे करता येतील. अक्षरे वाढत गेली की या मुलांची घसरण स्पष्ट दिसते. ध्वनी धरणारा भाग कमकुवत आहे, म्हणून शब्द शिकणे मागे पडते आणि मग व्याकरणही मागे पडते, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. अमेरिकेत जेम्स मॉन्टगोमेरी यांनी १९९५ मध्ये हाच धागा वाक्यापर्यंत नेला. अर्थात भर न घालणारे शब्द वाढवून वाक्य लांब केले की भाषादोष असलेल्या मुलांचे आकलन खालावते, आणि बनावट शब्द म्हणण्याच्या कुवतीशी त्याचा संबंध दिसतो, असे त्यांना आढळले. पुढे २००९ मध्ये त्यांनी आणि ज्युलिया इव्हान्स यांनी दाखवले की या मुलांचे गुंतागुंतीच्या वाक्यांचे आकलन ‘धरून ठेव आणि त्याच वेळी काम कर’ अशा दुहेरी कसोटीशी जोडलेले असते.

याच्या विरुद्ध बाजूही भक्कम होती. लंडनमधील हेदर व्हॅन डर लेली यांचे म्हणणे असे की, काही मुलांत दोष वाक्यरचनेच्या ज्ञानातच असतो. चार-पाच शब्दांच्या छोट्या कर्मणी वाक्यातही ही मुले कोणी कोणाला काय केले हे उलटे लावतात, आणि एवढ्या लहान वाक्यासाठी स्मृती अपुरी पडते असे म्हणणे पटत नाही. या वादात मला दोन्ही बाजूंच्या निरीक्षणांबद्दल आदर आहे, कारण दोन्ही प्रकारची मुले प्रत्यक्षात भेटतात. कॅनडातील लिसा आर्चिबाल्ड आणि मार्क जोआनिस यांनी २००९ मध्ये शाळकरी मुलांत भाषा कमकुवत पण कार्यस्मृती ठीक, कार्यस्मृती कमकुवत पण भाषा ठीक, आणि दोन्ही कमकुवत असे तिन्ही गट वेगळे दाखवले. एकाच कारणाने सर्व मुलांची अडचण समजावून सांगण्याचा मोह त्यामुळे सोडावा लागतो.

मॉन्टगोमेरी, इव्हान्स, रोनाल्ड गिलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर सात ते अकरा वयाच्या, भाषादोष असलेल्या ११७ आणि नसलेल्या ११७ मुलांचा मोठा अभ्यास केला. त्यातली वाक्ये मुद्दाम अशी रचली होती की व्यवहारज्ञानाने उत्तर काढता येऊ नये. कर्ता आणि कर्म दोन्ही निर्जीव वस्तू असत आणि मुलाने केवळ वाक्यरचनेवरून कर्ता ओळखायचा असे. त्यातून २०१८ पर्यंत जे चित्र तयार झाले, त्यात कार्यस्मृती हा मधला दुवा आहे: तर्कक्षमता, लक्षावरचे नियंत्रण आणि आधीच साठलेले भाषाज्ञान यांचा वाक्याच्या आकलनावर जो परिणाम होतो, तो तिच्यामार्फत होतो. या चित्रात भाषाज्ञान हे कार्यस्मृतीला पुरवठा करणारे आहे. नॉर्वेत मारियाने क्लेम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुलांचा काही वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचा निष्कर्षही याला जुळतो. वाक्य ऐकून तसेच म्हणण्याची चाचणी ही स्मृतीपेक्षा मुलाच्या भाषेचे मोजमाप करते, असे त्यांनी दाखवले.

हे सर्व अभ्यास इंग्रजी किंवा नॉर्वेजियन बोलणाऱ्या मुलांवरचे आहेत, आणि मराठी वाक्याची घडण वेगळी आहे. ‘मुलाला ढकलणारी मुलगी हसते आहे’ हे वाक्य घ्या. पहिला शब्द कानावर पडतो तेव्हा त्या मुलाचे काय झाले हे ठाऊक नसते. ‘ला’ या प्रत्ययावरून इतकेच कळते की तो करणारा नसावा. ‘ढकलणारी’ ऐकल्यावर क्रिया कळते आणि ती करणारे कोणी स्त्रीलिंगी आहे हेही कळते, पण कोण ते अजून यायचे असते. ‘मुलगी’ आल्यावर पहिला संबंध पुरा होतो, आणि लगेच त्याच मुलीला पुढच्या क्रियापदाचा कर्ता म्हणून धरून ठेवावे लागते. आता ‘मुलाने ढकललेली मुलगी हसते आहे’ हे वाक्य पाहा. शब्द तेवढेच, क्रम तोच, लांबी जवळजवळ सारखी. फरक फक्त ‘ला’ आणि ‘ने’ यांचा आणि ‘ढकलणारी’ व ‘ढकललेली’ या रूपांचा. पण ढकलले कोणी, याचे उत्तर उलटते. जे मूल दोन्ही वाक्यांना ‘मुलाने ढकलले’ असे उत्तर देते, ते आधी आलेला तो करणारा असे धरून चालले आहे. प्रत्यय त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ऐकणाऱ्यावर भार जास्त पडत असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु श्रवण वासिष्ठ यांनी हिंदीतील गुंतागुंतीच्या वाक्यांवर प्रौढ वाचकांसह केलेल्या कामात काही ठिकाणी उलटे दिसले: क्रियापदाआधी मध्ये शब्द वाढले तरी क्रियापद वाचायला उशीर होण्याऐवजी ते अधिक लवकर वाचले गेले. मधले शब्द आणि विभक्तिप्रत्यय पुढे काय येणार याची सूचना देतात, आणि ती सूचना पकडणाऱ्याचा भार हलका होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. मराठी विभक्तीच्या बाबतीतही हिंदीच्या जवळ आहे, म्हणून हा मुद्दा मला आपल्या मुलांसाठी फार मोलाचा वाटतो. ज्याला ‘ने’ आणि ‘ला’ यांचा अर्थ झटकन लागतो, त्याला क्रियापदाची वाट पाहणे जड जात नाही. ज्याला तो लागत नाही, त्याला सर्व शब्द सुटेसुटे, नात्याविना, शेवटपर्यंत वाहून न्यावे लागतात. मग अहवालात लिहिले जाते की कार्यस्मृती कमी.

म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे तो नेमका कुठे अडतो हे वेगळे करून पाहणे. सध्याच्या अहवालात ते झालेले नाही असे तुमच्या वर्णनावरून वाटते. हे वेगळे करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. ‘कुत्रा मांजराला ढकलतो’ आणि ‘मांजराला कुत्रा ढकलतो’ ही तीन-तीन शब्दांची वाक्ये खेळण्यांनी करून दाखवायला सांगावीत. पहिले बरोबर आणि दुसरे वारंवार उलटे येत असेल, तर तीन शब्द त्याच्या स्मृतीत मावत नाहीत असे म्हणता येणार नाही. तिथे अडचण रचनेची आहे. दोन्ही बरोबर येत असतील, पण ‘लाल पट्टा घातलेला मोठा कुत्रा पांढऱ्या पायांच्या छोट्या मांजराला ढकलतो’ येथे तो कोसळत असेल, तर भार हे कारण अधिक संभवते. वाक्ये उलटसुलट करता येण्याजोगी असावीत हे महत्त्वाचे. ‘आईने कपडे धुतले’ हे वाक्य समजले म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण कपडे आईला धूत नाहीत हे मुलाला आधीच ठाऊक असते. घरात अनेक वर्षे मुलाचा दोष लक्षात येत नाही त्याचे हेही एक मोठे कारण आहे: रोजची बहुतेक वाक्ये प्रसंगावरून कळतात.

दुसरी उपयोगी कसोटी म्हणजे वाक्य ऐकून पुन्हा म्हणणे. इंग्लंडमध्ये जिना काँटी-रॅम्स्डेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांवर चार कसोट्या ताडून पाहिल्या, तेव्हा भाषादोष ओळखण्यात हीच सर्वांत अचूक ठरली. नुसते गुण मोजून मात्र फार काही हाती लागत नाही. चूक कशी झाली ते लिहून ठेवावे. ‘काल बाबांनी आणलेले आंबे आजीने फ्रिजमध्ये ठेवले’ हे वाक्य एखादे मूल ‘काल बाबांनी आंबे आणले, आजी फ्रिजमध्ये ठेवली’ असे म्हणते. त्याने माणसे, वस्तू आणि दोन्ही घटना धरून ठेवल्या आहेत. गळले आहे ते ‘आणलेले’ हे रूप, ‘ने’ हा प्रत्यय आणि क्रियापदाचा कर्माशी असलेला मेळ. दुसरे मूल ‘काल बाबांनी आणलेले आंबे…’ एवढे बिनचूक म्हणते आणि थांबते. दोघांचे गुण सारखेच कमी येतील, पण दोघांना लागणारी मदत सारखी नाही. ही तपासणी मराठी उत्तम येणाऱ्या वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाकडूनच व्हावी. परदेशी चाचणीचे भाषांतर करून तिथलेच निकष लावणे योग्य नाही. भाषा बदलली की अंक लक्षात ठेवण्याची साधी चाचणीही बदलते. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श-इंग्रजी द्विभाषकांत दाखवले होते की वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो आणि त्यामुळे त्या भाषेत कमी अंक लक्षात राहतात.

शाळेच्या ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याकडेही दुर्लक्ष करू नका, कारण लक्षाचा दोष आणि भाषादोष काही मुलांत एकत्र आढळतात आणि तो वेगळा तपासायला हवा. मात्र न समजणारे बोलणे सलग ऐकावे लागले तर कोणतेही मूल खिडकीबाहेर पाहू लागते, हेही शिक्षकांना सांगायला हवे. कोर्टनी नॉर्बरी यांच्या गटाने इंग्लंडच्या सरे परगण्यात केलेल्या पाहणीत, दुसरे ज्ञात कारण नसलेल्या भाषादोषाचे प्रमाण शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांत सुमारे साडेसात टक्के आढळले. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. ही दोन मुले बहुतेक वेळा आळशी, हट्टी किंवा बेफिकीर या नावांखाली दडलेली असतात, आणि याचे मला फार वाईट वाटते.

आता संगणकीय खेळांबद्दल. मोनिका मेल्बी-लेर्वोग, थॉमस रेडिक आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१६ मध्ये अशा प्रशिक्षणावरील ८७ प्रकाशनांचा एकत्रित आढावा घेतला. मुले आणि प्रौढ त्या खेळांत आणि त्यासारख्याच चाचण्यांत सुधारतात. परंतु वाचन, आकलन, गणित किंवा बुद्धिमत्ता यांत त्या सुधारणेचा खात्रीलायक लाभ उतरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत गिलम यांच्या गटाने २००८ मध्ये भाषादोष असलेल्या सहा ते नऊ वयाच्या २१६ मुलांवर जी नियंत्रित चाचणी केली, तीही लक्षात घेण्यासारखी आहे. ध्वनिप्रक्रिया सुधारण्याचा दावा करणारा एक प्रसिद्ध संगणकीय कार्यक्रम, दुसरा संगणकीय भाषाकार्यक्रम, उपचारतज्ज्ञाने समोर बसून दिलेली भाषा-उपचारपद्धती आणि सर्वसाधारण शालेय विषयांचे संगणकीय खेळ, अशा चारही गटांतील मुलांची भाषा सुधारली आणि खास कार्यक्रमाला वेगळा फायदा दिसला नाही. तीन महिन्यांच्या वर्गात मुलाचा वेळ आणि तुमचे पैसे जातील, आणि शेवटी जो आलेख दाखवला जाईल तो त्या खेळांतल्याच प्रगतीचा असेल. मुलाला ते खेळ आवडत असतील तर करमणूक म्हणून खेळू द्या. उपचार म्हणून त्यांवर विसंबू नका.

उपचार वाक्यरचनेवर, थेट आणि उघडपणे, व्हायला हवा. सरेमधील मूर हाउस या विशेष शाळेत सुझन एबेल्स यांनी वाक्यातील प्रत्येक भूमिकेला ठरावीक आकार आणि रंग देऊन व्याकरण डोळ्यांना दिसेल असे शिकवण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या गटाच्या २०१४ मधील एका लहान नियंत्रित चाचणीत, गंभीर आकलनदोष असलेल्या अकरा ते सोळा वयाच्या मुलांना आठवड्याला अर्धा तास, असे आठ आठवडे उभयान्वयी अव्ययांची वाक्ये शिकवल्यावर त्यांचे त्या वाक्यांचे आकलन सुधारले. एवढ्या मोठ्या वयात आणि एवढ्या थोड्या वेळात हे होऊ शकते, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाच्या पालकांनी धीराने लक्षात ठेवावी. स्मृती तीच असताना केवळ रचना कळल्याने वाक्य सुटले, हा त्यातला माझ्या दृष्टीने मोठा धडा आहे.

मराठीसाठी मी ‘कोणी?’ या प्रश्नाच्या उत्तराला एका रंगाची पट्टी आणि ‘कोणाला?’ या प्रश्नाच्या उत्तराला दुसऱ्या रंगाची पट्टी वापरते. दोन बाहुल्या किंवा प्राणी घेऊन आधी सरळ क्रमाची वाक्ये, मग तीच वाक्ये क्रम बदलून, पण प्रत्यय आणि रंग कायम ठेवून करून घेते. शब्द जागा बदलतो, पण ‘ला’ असलेला शब्द ज्याच्यावर क्रिया होते त्याचाच राहतो, हे मुलाच्या हातांना कळेपर्यंत पुढे जात नाही. त्यानंतर ‘-णारा’ आणि ‘-लेला’ यांची विशेषणे, त्यानंतर ‘आधी’, ‘नंतर’, ‘-ऊन’, ‘-ल्यावर’ अशी कालाची रचना, आणि बऱ्याच उशिरा ‘आजीने ताईकडून बाळाला दूध पाजवले’ यांसारखी प्रयोजक वाक्ये, ज्यांत सांगणारी कोण, पाजणारी कोण आणि पिणारे कोण हे तिघांतून वेगळे काढावे लागते. एका वेळी एकच रचना, आणि ऐकून करणे जमल्यावर तीच स्वतः बोलणे. रचना पक्की झाली की मग तिच्यावर विशेषणांचा भार हळूहळू वाढवायचा. कार्यस्मृतीचा व्यायाम करायचाच असेल, तर त्याची खरी जागा ही आहे.

एक गोष्ट पालकांना पुष्कळदा अनपेक्षित वाटते. ‘ज्या मुलीने मुलाला ढकलले, ती हसते आहे’ हे वाक्य ‘मुलाला ढकलणारी मुलगी हसते आहे’ यापेक्षा लांब आहे, तरी अनेक मुलांना ते आधी कळते, कारण पहिली घटना तिथे पूर्ण होते, मूल क्षणभर थांबू शकते आणि ‘ती’ या शब्दाने पुन्हा धागा पकडते. तेव्हा वाक्य सोपे करणे म्हणजे केवळ शब्द कमी करणे असे समजू नये. तुमच्या चष्म्याच्या वाक्यात शब्द दहा आहेत, पण खरा अडथळा असा की खेळायला जाणे हे शेवटी करायचे काम मध्येच आले आहे आणि तेही ‘जाण्याआधी’ या रूपात. ‘आधी दप्तर आवर. मग आजोबांना चष्मा दे. मग खेळायला जा.’ असे करण्याच्या क्रमाने सांगितले तरी शब्द दहाच राहतात, पण मुलाला मनात काही उलटे फिरवावे लागत नाही.

हेच गणिताच्या शाब्दिक उदाहरणांना लागू आहे. ‘रमेशकडे असलेल्या ४५ पेन्सिलींपैकी १८ पेन्सिली त्याने बहिणीला दिल्यानंतर उरलेल्या पेन्सिली ३ मित्रांत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती मिळाल्या?’ हे उदाहरण चार छोट्या वाक्यांत फोडून दिल्यावर जे मूल ९ हे उत्तर काढते, त्याचे गणित कच्चे नाही. वर्गशिक्षकांना हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा; तोंडी समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. वर्गात सूचना देताना वेग किंचित कमी ठेवावा आणि वाक्याच्या जोडांवर थांबावे. बोलण्याचा वेग कमी केल्यावर भाषादोष असलेल्या मुलांचे वाक्याचे आकलन सुधारते, असे मॉन्टगोमेरी यांना २००४ मध्ये आढळले होते. मुलाने लगेच प्रतिसाद दिला नाही तर दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगण्याची घाई करू नये, कारण त्याच्यासाठी ते नवे वाक्य असते आणि पहिल्याचे काम अर्धवट राहते. थोडे थांबावे, मग तेच वाक्य तसेच म्हणावे. सूचना फळ्यावर राहिली तर फारच चांगले, कारण बोललेले वाक्य हवेत विरते आणि लिहिलेल्याकडे पुन्हा पाहता येते. ‘कळले का?’ असे विचारू नये; मुले ‘हो’ म्हणतात. ‘आता तू आधी काय करणार?’ असे विचारावे.

घरातल्या मराठीबद्दल माझे मत ठाम आहे. भाषादोष असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. मराठीमुळे तो होत नाही आणि मराठी सोडल्याने जात नाही. वर म्हटल्याप्रमाणे कार्यस्मृतीला आधार भाषेच्या ज्ञानाचा असतो, आणि ज्या भाषेत ते ज्ञान जास्त, त्या भाषेत मुलाला धरून ठेवण्याची ताकद जास्त. घरी अर्धवट इंग्रजीवर आलात, तर त्याची सर्वांत समृद्ध भाषा तुम्ही काढून घ्याल आणि आजी-आजोबांशी होणारे लांब, निवांत बोलणेही थांबेल. इंग्रजीसाठी शाळेला पाठाआधी महत्त्वाचे शब्द आणि एक-दोन वाक्यरचना कळवायला सांगा. त्यांचा अर्थ घरी मराठीत आधी समजावून दिला की वर्गात इंग्रजी वाक्य ऐकताना त्याच्यावरचा भार कमी होतो.

सवलतींबद्दल एक व्यावहारिक सूचना. दिव्यांगजनांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा ॲफेझिया (मेंदूला इजा झाल्याने भाषा गमावणे) यांसारख्या, सेंद्रिय वा मेंदूविषयक कारणांनी आलेल्या कायम स्वरूपाच्या दोषापुरती आहे, त्यामुळे विकासात्मक भाषादोष असलेले मूल तिच्यात सहज बसत नाही. वाचन-लेखनात ठळक अडचण असेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. तिच्यामार्फत परीक्षेतील सवलती मिळू शकतात. उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अवश्य पाहा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, तसेच पुण्यात भारती विद्यापीठ, येथे वाचा-भाषा उपचारांचे शिक्षण दिले जाते आणि तपासणीही होते.

उपचार सुरू केल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी करा, आणि ती शिकवलेल्या वाक्यांवर न करता त्याच रचनेच्या न शिकवलेल्या वाक्यांवर करायला सांगा. क्रम बदललेली वाक्ये सुटू लागली असतील, पण लांब वाक्ये अजूनही सुटत नसतील, तर पुढचा भर सूचनांची मांडणी आणि लेखी आधार यांवर द्यावा लागेल. दोन्हींत काहीच प्रगती नसेल तर शिकवायच्या रचना कमी करून सरावाची वारंवारता वाढवावी लागेल. आणि मधल्या काळात कधीही आधी येत असलेली भाषाच कमी होऊ लागली, ओळखीचे शब्द कळेनासे झाले किंवा मूल क्षणभर हरवल्यासारखे होऊ लागले, तर सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.